मागचा ब्रेक धरतो तेव्हा

जुनी मोटारसायकल उतारावर न्यूट्रलमध्ये टाकली तरी पूर्वीसारखी घरंगळत नसेल, अ‍ॅव्हरेज घसरलं असेल, गाडी थांबवल्यावर मागच्या चाकाकडून करपल्यासारखा वास येत असेल, तर इंजिनावर संशय घेण्याआधी मागचा ब्रेक बघावा. पेडलवरून पाय उचलल्यावरही तो पूर्ण सुटत नसतो. लायनर ड्रमला घासत राहतात आणि इंजिन चाक फिरवता फिरवता त्या घर्षणाशीही झगडत राहतं. गॅरेजमध्ये याला ‘ब्रेक धरतोय’ म्हणतात. गाडीमालक मात्र आधी प्लग बदलतो, मग कार्ब्युरेटर साफ करून घेतो, मग क्लच प्लेट गेल्या असतील म्हणून इंजिन उघडायला तयार होतो. खरा बिघाड दुरुस्त करायला लागतं ते थोडं ग्रीस, पॉलिश पेपर आणि एखादी निवांत सकाळ.

इथे विषय ड्रम ब्रेकचा आहे. राजदूत, यामाहा आरएक्स १००, १९८५ साली आलेली हिरो होंडा सीडी १००, १९९४ ची स्प्लेंडर, बजाजची बॉक्सर अशा आजही गावोगावी धावणाऱ्या गाड्यांच्या मागच्या चाकात ड्रमच असतो. फ्रान्सच्या लुई रेनॉने १९०२ मध्ये मोटारींसाठी हा ब्रेक प्रचारात आणला आणि त्याची मूळ रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. तो स्वस्त आहे, धुळीपासून बऱ्यापैकी झाकलेला आहे आणि साध्या हत्यारांनी उघडता येतो. शिवाय आपल्याकडे मागचा ब्रेकच सगळ्यात जास्त वापरला जातो. खडी सुटलेल्या किंवा चिखलाच्या रस्त्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक सटकतं, हे दूध घालायला जाणाऱ्याला, शेतावर जाणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्यांचा सगळा भरवसा उजव्या पायाखालच्या पेडलवर असतो. (जुन्या बुलेटला ते डाव्या पायाखाली.)

आत काय चालतं ते आधी नीट समजून घेऊ, कारण ते समजलं की दुरुस्ती आपोआप सुचते. मागच्या हबमध्ये बिडाचं एक कडं बसवलेलं असतं. तोच ड्रम, आणि तो चाकाबरोबर फिरतो. त्याचं तोंड एका गोल ब्रेक प्लेटनं झाकलेलं असतं. ही प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून टॉर्क आर्म नावाच्या पट्टीनं स्विंग आर्मला बांधलेली असते. प्लेटच्या आतल्या अंगाला अर्धचंद्राच्या आकाराचे, बाहेरून लायनर लावलेले दोन ब्रेक शू बसतात. दोन्ही शूंची एकीकडची टोकं एका स्थिर खुंट्यावर टेकलेली असतात, दुसरीकडच्या टोकांच्या मधोमध कॅम असतो. कॅम म्हणजे साधारण बोटाच्या जाडीचा पोलादी दांडा. त्याचं आतलं टोक दोन बाजूंनी तासून चपटं केलेलं असतं. बाहेरच्या टोकावर ब्रेक आर्म घट्ट बसवलेला असतो. आपण पेडल दाबतो, पेडल रॉड ओढतं, रॉड आर्म ओढतो, दांडा फिरतो आणि त्याचं चपटं टोक आडवं होऊन दोन्ही शू फाकवतं. शू ड्रमला टेकले की चाक थांबतं.

यात एक गमतीची गोष्ट आहे. गाडी पुढे जात असताना दोन शूंपैकी एकाला फिरणारा ड्रम स्वतःच आणखी आत ओढून घेतो. या शूचं कॅमकडचं टोक ड्रमच्या फिरण्याच्या दिशेत आधी येतं, त्यामुळे घर्षण त्याला ड्रमपासून दूर लोटण्याऐवजी ड्रममध्ये रुतवतं. त्याला लीडिंग शू म्हणतात. दुसरा ट्रेलिंग शू, त्याला ड्रम उलट दूर ढकलतो. पायाच्या थोड्या जोरात चाक थांबतं ते या लीडिंग शूच्या कृपेनं. पण कॅम पूर्ण मागे फिरला नसेल, तर हाच शू निमूटपणे ड्रम धरून बसतो आणि घासत राहतो.

आता मुख्य मुद्दा. ब्रेक लावताना जोर पायाचा असतो, पण सोडताना जोर फक्त स्प्रिंगांचा. लावताना पेडल लांब, आर्म लांब, त्यामुळे पायाचा जोर कितीतरी पटीनं वाढून कॅमपर्यंत पोचतो. दांडा प्लेटमधल्या भोकात थोडा अडकत असेल तर पायाला ते कळतसुद्धा नाही, आपण त्याला रेटून फिरवतो. परतताना मात्र दोन्ही शूंना एकमेकांकडे खेचणाऱ्या स्प्रिंगांना कॅम उलटा फिरवायचा असतो, आणि तोही त्याच्या चपट्या टोकाच्या अर्ध्या रुंदीवर, म्हणजे जेमतेम काही मिलिमीटरवर जोर लावून. बाहेर रॉडवरची छोटी स्प्रिंग आणि पेडलची स्प्रिंग त्यांना हातभार लावतात, तेवढाच. म्हणून कोरडा, गंजलेला कॅम ब्रेक लावायला आड येत नाही, सुटायला येतो. ब्रेक ‘चांगला लागतोय’ म्हणून गाडीमालक निर्धास्त राहतो आणि बिघाड महिनोनमहिने अंगावर काढतो.

हा दांडा कोरडा पडतो कसा? कारखान्यातून येताना त्याला ग्रीस लावलेलं असतं. चार-पाच पावसाळ्यांत ते धुऊन जातं किंवा सुकून मेणासारखं घट्ट होतं. आर्मच्या खाली पाणी अडवण्यासाठी नमद्याची छोटी चकती असते. तीही कडक होऊन पाणी आत सोडू लागते. दांडा पोलादाचा, प्लेट अ‍ॅल्युमिनियमची. दोन धातूंच्या मध्ये पाणी साचलं की पोलादाला तांबूस गंज चढतो आणि अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. भोक मुळातच दांड्याच्या मापाचं असतं, तेवढ्या फटीत ही भुकटी मावत नाही. कोकणात, गोव्यात, समुद्राच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. सर्व्हिसिंगला हबवर सोडलेला प्रेशरचा फवारा पावसाळ्याच्या जोडीनं पाणी आत घालतो.

पावसाळ्यातला आणखी एक प्रकार यापासून वेगळा काढायला हवा. भिजलेली गाडी रात्रभर उभी राहिली की बिडाच्या ड्रमवर गंजाचा पातळ थर येतो आणि लायनर त्याला चिकटतो. सकाळी गाडी ढकलली तर चाक हलत नाही. थोडं मागे-पुढे केलं की ‘कट्’ असा आवाज होऊन मोकळं होतं आणि दोन-चार वेळा ब्रेक लावला की गंज घासला जाऊन सगळं पूर्ववत होतं. एवढ्यासाठी चाक खोलायचं कारण नाही. गाडी काही दिवस उभी ठेवायची असेल तर ठेवण्याआधी ब्रेक हलका लावत थोडं अंतर चालवावी, ड्रम गरम होऊन कोरडा पडतो. पण चालवून आल्यावर, दोन किलोमीटरनंतर, हब तापलेला असेल आणि चाक जड फिरत असेल, तर तो कायमचा बिघाड आहे.

हे शोधायची पद्धत सोपी आहे. गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये टाका आणि मागचं चाक हातानं फिरवा. चेनमुळे ते थोडं जड असणारच, पण एकदा जोर दिल्यावर दोन-तीन फेरे तरी फिरायला हवं. आता पेडल हातानं दाबून सोडा आणि आर्मकडे बघा. पेडल खालीच राहिलं तर दोष पेडलच्या पिनमध्ये असू शकतो. ती पिन पायाखाली, रस्त्यावरचा चिखल थेट अंगावर घेत बसलेली असते. ब्रेक सोडूनही मागचा लाल दिवा लागलेलाच राहतो, असं मागून येणाऱ्या कुणी सांगितलं, तर तो याचाच सुगावा समजा, कारण दिव्याचा स्विच पेडलच्या हालचालीवर चालतो. पेडल वर आलं पण आर्म मागे गेला नाही, तर कॅम अडकलाय. खात्री करायची असेल तर मागचा अ‍ॅडजस्टर नट पूर्ण काढून रॉड मोकळा करा आणि आर्म नुसत्या हातानं पुढे ओढून सोडा. निरोगी ब्रेकमध्ये आर्म झटकन परत जातो. अडकलेल्यात तो जिथे सोडाल तिथे उभा राहतो. रॉड काढूनही, आर्म मागे ढकलूनही चाक जडच असेल, तर स्प्रिंग, लायनर, ड्रम किंवा बेअरिंग बघावं लागेल.

रॉड काढल्याबरोबर चाक एकदम मोकळं झालं, तर मात्र बिघाड काहीच नाही, ब्रेक फाजील टाइट केलेला आहे. याचं नेहमीचं कारण चेन. चेन सैल झाली म्हणून आपण चाक मागे सरकवतो. चाकाबरोबर ब्रेक आर्मही मागे जातो, रॉडची लांबी तीच राहते, आणि रॉड ताणला जाऊन ब्रेक अर्धवट लागतो. चेन ओढली की ब्रेकचा नट सैल करायचाच. हे घाईच्या गॅरेजमध्ये हमखास राहून जातं. पेडलची मोकळी चाल, म्हणजे ब्रेक धरायला लागेपर्यंत पेडल किती खाली जातं ते अंतर, या वर्गातल्या गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर हवं. काही गाड्यांत मागे माणूस किंवा ओझं बसल्यावर शॉकअ‍ॅब्सॉर्बर दबून रॉडचा ताण बदलतो, म्हणून ही चाल एकदा गाडीवर दोघांनी बसूनही तपासावी.

कॅम अडकला असेल तर चाक काढण्याला पर्याय नाही. अ‍ॅडजस्टर नट, रॉडवरची स्प्रिंग आणि आर्ममधला छोटा गोल गुटका एका डब्यात ठेवा. हा गुटका घरंगळून हरवणाऱ्या वस्तूंत पहिला. टॉर्क आर्मची पिन आणि नट काढा, मग अ‍ॅक्सलचा नट सोडवून अ‍ॅक्सल बाहेर ओढा. जाम असेल तर टोकावर नट अर्धवट ठेवून लाकडी ठोकळ्यानं ठोका, नाहीतर आटे खराब होतात. कुठलं स्पेसर कुठल्या बाजूला होतं ते बघून ठेवा. चाक सुटलं की ब्रेक प्लेट शूंसकट अख्खी हातात येते. ती निघत नसेल तर ड्रमच्या कडेला झिजेमुळे उंबरा तयार झालेला असतो आणि शू त्याला अडतात. आर्म उलटा ढकलून, प्लेट हलवत हलवत काढावी.

आतली काळी भुकटी तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरलं जायचं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की तिचा परिणाम बऱ्याच वर्षांनी दिसतो. ओल्या फडक्यानं पुसून घ्यावी आणि फडकं फेकून द्यावं. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोरांना हे कुणीच सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दोन्ही शू हातात धरून बाहेरच्या बाजूला दुमडले की स्प्रिंगांसकट सुटतात. आर्म काढण्याआधी दांड्याच्या टोकावरची ठिपक्यासारखी खूण आणि आर्मवरची खूण समोरासमोर आहे ना ते बघा. खूण नसेल तर स्वतः पंचानं करा. मग आर्मचा बोल्ट काढून आर्म उपसा आणि कॅम आतल्या बाजूनं बाहेर काढा. बऱ्याच वर्षांनी काढलेला कॅम ओळखू येतो. मधला भाग तपकिरी, खवलेदार असतो, आणि दांडा भोकाच्या एकाच अंगाला घासत आला असेल तिथे एक अरुंद पट्टा आरशासारखा चकचकीत असतो. या खवलेदार पापुद्र्याची जाडी नखाला जेमतेम लागते. तेवढ्यानंच सगळा त्रास दिलेला असतो.

दांडा रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवून बारीक पॉलिश पेपरनं स्वच्छ करा. कानस लावू नका, दांडा बारीक झाला तर भोकात लडबडेल आणि मग तिरका होऊन अडकेल. भोकातही पॉलिश पेपरची गुंडाळी फिरवून पांढरी भुकटी काढा. दांडा स्वतःच्या वजनानं भोकात शिरला आणि दोन बोटांनी अलगद फिरला म्हणजे काम झालं. ग्रीस उष्णता सहन करणारं हवं, साधं ग्रीस तापल्यावर पातळ होऊन वाहतं. दांड्यावर, चपट्या टोकावर आणि स्थिर खुंट्यावर पुसटसा थर पुरे. इथे हात सढळ झाला तर ग्रीस लायनरवर उतरतं आणि ब्रेक लागेनासा होतो. ग्रीस किंवा तेल प्यालेला लायनर पेट्रोलनं धुऊन भागत नाही, बदलावाच लागतो.

शू बघताना जाडीबरोबर त्यांचं कॅमला टेकणारं टोकही बघा. तिथे कॅमनं खळगा पाडला असेल तर कॅम त्यात रुतून बसतो आणि कितीही ग्रीस लावलं तरी परतत नाही. लायनरचा थर दोन मिलिमीटरपर्यंत आला असेल तर नवे शू घाला. जाडी चांगली आहे पण पृष्ठभाग काचेसारखा चकाकतोय, तर खरखरीत पॉलिश पेपर मारा. स्प्रिंग मोकळ्या ठेवल्यावर त्यांचे वेढे एकमेकांना चिकटलेले असावेत. मध्ये फट दिसली, गंज खोल गेला असेल किंवा तापून रंग बदलला असेल, तर नवी जोडी घ्या. किंमत इतकी किरकोळ आहे की यात काटकसर करण्यात अर्थ नाही. ड्रमचा जास्तीत जास्त चालणारा व्यास बऱ्याचदा हबवरच कोरलेला असतो आणि मूळ मापापेक्षा तो साधारण एक मिलिमीटरनंच मोठा असतो.

बसवताना एक छोटी युक्ती अनेकजण विसरतात. अ‍ॅक्सलचा नट पूर्ण आवळण्याआधी पेडल दाबून धरा आणि दाबलेल्या स्थितीतच नट आवळा. त्यामुळे शू ड्रमच्या मधोमध बसतात, नाहीतर एक शू नेहमी जवळ राहून घासतो. टॉर्क आर्मचा नट आणि त्याची पिन विसरू नका. ती पट्टी सुटली तर ब्रेक लावताच प्लेट चाकाबरोबर गरकन फिरते, रॉड तुटतो आणि चाक जागच्या जागी लॉक होतं. शेवटी अ‍ॅडजस्टर नट. त्याला एका बाजूनं अर्धगोल खाच असते आणि ती गुटक्यावर नीट बसायला हवी. अर्धवट चढलेली राहिली तर पहिल्या खड्ड्यात नट अर्धा फेरा फिरून जागेवर बसतो आणि केलेली सेटिंग बदलते.

आता ज्या दोन गोष्टी सर्रास केल्या जातात आणि करू नयेत, त्यांबद्दल. पहिली, बाहेरून आर्मच्या बुडाशी ऑइल सोडणे. त्यानं चार दिवस आर्म हलतो, मग ऑइल दांड्यावरून ओघळत ड्रममध्ये जातं. पावसात, भरल्या गाडीवर, घाट उतरताना ब्रेक लागत नाही, हा धरणाऱ्या ब्रेकपेक्षा किती तरी मोठा धोका आहे. दुसरी गोष्ट अधिक घातक. लायनर झिजून अ‍ॅडजस्टरचे आटे संपले की आर्म काढून दांड्यावर एक दात मागे बसवून देतात. गाडीमालक खूश, नवे शू वाचले. पण आर्मवरचा बाण आणि प्लेटवरची खूण समोरासमोर आली की शू संपले, असा इशारा देण्यासाठीच त्या खुणा असतात. आर्म सरकवला की तो इशारा खोटा पडतो. आणि झिजलेल्या शूंना गाठण्यासाठी कॅम इतका फिरतो की त्याचं चपटं टोक जवळजवळ पूर्ण आडवं होतं. त्या स्थितीत शू त्याला परत ढकलूच शकत नाहीत. ब्रेक लागतो आणि लागलेलाच राहतो. चालत्या गाडीचं मागचं चाक असं लॉक होऊन माणूस पडतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर रॉड आणि आर्म यांच्यातला कोन काटकोनाच्या आसपास असावा. त्याच्या फार पुढे गेलेला दिसला तर गाडी तशी चालवू नका.

मागे डिस्क असलेल्या गाड्यांत कारणं वेगळी असतात: कॅलिपरचा पिस्टन गंजणं, सरकत्या पिना कोरड्या पडणं, मास्टर सिलिंडरमधलं बारीक परतीचं छिद्र बुजणं. तिथे अडकलेलं ऑइल तापून फुगतं आणि ब्रेक आणखी घट्ट होत जातो. म्हणून धरलेल्या डिस्क ब्रेकनिशी गाडी रेटत घरी आणणं धोक्याचं असतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, तेव्हा दर दोन वर्षांनी ते बदलणं एवढं तरी करावं.

ड्रमच्या गाडीला मात्र वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, कॅम काढून ग्रीस करून घ्या. नवे लायनर टाकताना मिस्त्री नुसते शू बदलून चाक चढवतो. तेव्हा समोर उभं राहून सांगा, “दादा, कॅम बाहेर काढा, साफ करून ग्रीस लावा, मग बसवा.” वेगळी मजुरी मागितली तरी द्या. चाक त्या वेळी उघडलेलंच असतं आणि दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त काम नसतं.